सही कोणाची?

“बाई, नवऱ्याच्या जागी तुम्ही सही केली तर चालंल का?” २०२३ च्या पावसाळ्यात देवळाली कॅम्पातल्या माझ्या ओट्यावर बसून एकीने मला विचारले. ती आमच्याच वस्तीतली, बंगल्यांवर धुणीभांडी करणारी, दोन मुलांची आई. तिसरा महिना लागलेला आणि नवरा घर सोडून गेलेला. नवऱ्याच्या सहीवाचून गर्भपात होणार नाही, असे सांगून एका दवाखान्याने तिला परत पाठवले होते. मी शाळेतली बाई. कायदा मला ठाऊक नव्हता. ‘उद्या पाहू’ म्हणाले. त्या रात्रीच तिने कुणाकडून तरी आणलेल्या गोळ्या खाल्ल्या. रक्त थांबेना, तेव्हा रिक्षात घालून नेले. जगली. पण माझे ते ‘उद्या पाहू’ मला अजून छळते.

कारण त्या सहीची गरज कायद्याने कधीच सांगितलेली नव्हती. १९७१ च्या गर्भपात कायद्यात सज्ञान स्त्रीची स्वतःची लेखी संमती पुरते. मात्र हा कायदा म्हणजे हक्क नव्हे, दंडविधानातून दिलेली सूट. गर्भपात हा गुन्हाच. अमुक अटी पाळल्या तर डॉक्टरला शिक्षा नाही, एवढेच. संततिनियमनाचे साधन फसले हे कारणही फक्त विवाहितेचे मानले जाई. २०२१ च्या दुरुस्तीने ‘नवरा’ जाऊन ‘जोडीदार’ आला. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरेसे झाले. वीस ते चोवीस आठवड्यांत दोन डॉक्टरांचे मत आणि नियमांत नमूद केलेल्या स्त्रियांनाच मुभा. त्या यादीत विधवा आणि घटस्फोटिता होत्या. अविवाहिता नव्हती.

येथेच मणिपूरची, दिल्लीत राहणारी पंचवीस वर्षांची एक अविवाहित तरुणी अडली. जोडीदाराने ऐन वेळी लग्नाला नकार दिला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने तिला परवानगी नाकारली. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये ती दिली आणि २९ सप्टेंबर २०२२ रोजी न्या. चंद्रचूड, न्या. बोपण्णा व न्या. पारडीवाला यांनी सविस्तर निकाल दिला. विवाहित-अविवाहित हा भेद घटनेच्या समतेत बसत नाही, असे त्यात ठरले. नवऱ्याने केलेली बळजबरीही, निदान या कायद्यापुरती, बलात्कार ठरली. अल्पवयीन मुलीचे नाव, तिने व पालकांनी विनंती केल्यास, डॉक्टरने पोलिसांना कळवण्याची गरज उरली नाही. आणि आमच्या वस्तीच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे म्हणजे नवऱ्याची किंवा घरच्यांची संमती, जादा कागदपत्रे, असल्या कायद्याबाहेरच्या अटी डॉक्टरांनी घालू नयेत, असे न्यायालयाने स्पष्ट सांगितले.

तरी अट घातली जाते. डॉक्टरांना भीती असते, हे मी नाकारत नाही : गर्भलिंग तपासणीच्या कायद्याची, पोलिसांची, भांडायला येणाऱ्या सासरच्यांची. पण ही भीती बंगल्यातल्या बाईला आडवी येत नाही. ती पैसे मोजते आणि नाशकात दुसरा दवाखाना गाठते. अडते ती रोजावर जाणारी; एक खाडा म्हणजे एक चूल बंद. परत पाठवलेला प्रत्येक दिवस तिच्या आठवड्यांच्या हिशेबात जमा होतो.

निकालाचा फार गौरव करण्याचेही कारण नाही. १६ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयाने दोन मुलांच्या एका विवाहित आईला, चोवीस आठवडे उलटून गेले म्हणून, परवानगी नाकारली. नव्या न्याय संहितेतही स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्री गुन्हेगारच आहे.

हा विषय बायकांचा खाजगी म्हणून टाळणाऱ्या कार्यकर्त्यांना एकच आठवण देते. नोव्हेंबर १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव स्वतंत्र मजूर पक्षाचे रोहम यांनी मांडला. त्यामागचे भाषण बाबासाहेबांचे होते. सभागृहाने तो फेटाळला.

वस्तीतल्या बचत गटाच्या बैठकीला मी आता ‘फॉर्म सी’ची प्रत घेऊन जाते. संमतीचा हा सरकारी नमुना एका पानाचा आहे. त्यावर सही बाईची. खालचा पालकाचा भाग अठरा वर्षांखालील मुलीसाठी किंवा मनोरुग्ण स्त्रीसाठी. नवऱ्याच्या सहीची जागाच त्यावर नाही. बायका तो कागद उलटून पाठीमागेही पाहतात.