बीडच्या मे महिन्यातून अलास्काकडे

मे महिन्यात बीडचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा अलास्कात क्रूझचा हंगाम नुकताच सुरू झालेला असतो. आपल्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, म्हणून मेचा उत्तरार्ध धरावा. दिवस लांब असतो, पाऊसही तुलनेने कमी. जहाजात प्रथमच बसणाऱ्या घराला ‘इनसाइड पॅसेज’चा मार्ग मला सर्वांत योग्य वाटतो. बेटांच्या आडोशाने तिथे पाणी शांत राहते, मळमळ कमी होते. जहाजावरचे स्विमिंग पूल मोजण्यापेक्षा बंदरे पाहा. जूनोजवळ देवमासे आणि मेंडेनहॉल हिमनदी दिसते. कोणत्या सहली घ्यायच्या हे मुलांनाच ठरवू द्या. व्हँकुव्हरहून निघालात तर अमेरिका आणि कॅनडा, दोन्ही देशांचे व्हिसा लागतात. अमेरिकेच्या मुलाखतीची तारीख मिळायला महिने जाऊ शकतात, म्हणून आधी व्हिसा, मग तिकीट.