‘हॅम्लेट’चा पाचवा अंक : सूड आणि मृत्यू

शेक्सपिअरचे ‘हॅम्लेट’ हे नाटक इ. स. १६०० च्या सुमारास लिहिले गेले. गोपाळ गणेश आगरकरांनी ‘विकारविलसित’ या नावाने केलेले त्याचे भाषांतर १८८३ साली प्रसिद्ध झाले. पित्याच्या खुनाचा सूड घेण्यास विलंब लावणाऱ्या राजपुत्राची कथा, अशी या नाटकाची ओळख सामान्यतः करून दिली जाते. हा विलंब का झाला, याची चर्चा विपुल झालेली आहे. आम्हांस येथे निराळा प्रश्न विचारावयाचा आहे. पाचव्या अंकाच्या अखेरीस राजा क्लॉडियस मारला जातो, तेव्हा सूड खरोखर पुरा होतो काय?

प्रथम पूर्वकथा ध्यानात घेऊ. क्लॉडियस आपल्या भावाच्या, म्हणजे डेन्मार्कच्या राजाच्या कानात विष ओतून त्यास ठार करतो, सिंहासन बळकावतो आणि भावजय गर्ट्रूड हिच्याशी विवाह करतो. मृत राजाचे भूत हॅम्लेटला सूड घेण्याची आज्ञा देते. पुढे पडद्याआड लपलेला राजा आहे असे समजून हॅम्लेट प्रहार करतो. मरतो तो मंत्री पोलोनियस. त्या दुःखाने पोलोनियसची कन्या ऑफेलिया भ्रमिष्ट होते आणि बुडून मरते. आता तिचा भाऊ लेअर्टिस सूडासाठी उभा राहतो. म्हणजे पाचवा अंक सुरू होताना ज्याने सूड घ्यावयाचा, तो हॅम्लेट स्वतःच दुसऱ्याच्या सूडाचा विषय होऊन बसला आहे.

या अंकाचा पहिला प्रवेश दफनभूमीत घडतो. तेवीस वर्षांपूर्वी पुरलेल्या योरिक या विदूषकाची कवटी हॅम्लेटच्या हाती येते. लहानपणी ज्याच्या पाठीवर बसून खेळलो, त्याची ही अवस्था! जगज्जेत्या सिकंदराचीही अखेर मातीच झाली, हा विचार त्याच्या मनात येतो. याच प्रवेशात थडगे खणणारा एक गोष्ट सहज बोलून जातो. ज्या दिवशी थोरल्या हॅम्लेट राजाने नॉर्वेच्या फोर्टिन्ब्रास राजाचा पाडाव केला, त्याच दिवशी राजपुत्र हॅम्लेटचा जन्म झाला. ही गोष्ट किरकोळ नव्हे. या राजपुत्राने वैर निर्माण केले नाही; ते त्यास जन्मासोबत वारशाने मिळाले.

दुसऱ्या प्रवेशात तलवारबाजीच्या सामन्याचे निमित्त करून कपटाची योजना अमलात येते. लेअर्टिसच्या तलवारीचे टोक बोथट केलेले नाही आणि त्यास विष लावलेले आहे. तेवढ्याने काम न झाल्यास राजाने विषाचा पेलाही सिद्ध ठेवला आहे. सामन्यापूर्वी हॅम्लेट लेअर्टिसची क्षमा मागतो. लेअर्टिसचे उत्तर विचार करण्याजोगे आहे. आपल्या भावनेचे समाधान झाले आहे, परंतु प्रतिष्ठेचा प्रश्न जाणत्या वडीलधाऱ्यांनी निर्णय देईपर्यंत सुटणार नाही, असे तो म्हणतो. विषारी वार करण्याच्या क्षणीही हे आपल्या सदसद्‌विवेकाच्या जवळजवळ विरुद्ध आहे, असे तो स्वतःशी पुटपुटतो. आणि तरीही वार करतो. मन निवळू पाहत असता सूडाला जिवंत ठेवते ती प्रतिष्ठेची कल्पना.

यानंतर मृत्यू एकामागून एक येतात. पेला राणी पिते. झटापटीत तलवारी बदलतात आणि लेअर्टिस आपल्याच विषाने घायाळ होतो. तो कट उघड करतो, तेव्हा हॅम्लेट राजाला भोसकतो व तोच पेला त्याच्या तोंडी रिचवतो. येथे एक बाब सहसा दृष्टीआड होते. त्या क्षणी हॅम्लेटच्या तोंडी पित्याचे नावही नाही. तो राजास मरू घातलेल्या आईच्या मागे जाण्यास सांगतो. ज्या आज्ञेसाठी चार अंक खर्ची पडले, तिचे पालन योजनेने झाले नाही. शत्रूच्या कपटातून ते ओघाने घडून गेले. सॅक्सो ग्रामॅटिकस या डॅनिश इतिहासकाराच्या मूळ कथेत नायक चुलत्यास मारून राजा होतो. शेक्सपिअरने आपल्या नायकास हा विजय दिला नाही.

मग या अंकात काय संपते? आमच्या मते, वैर संपते ते लेअर्टिस आणि हॅम्लेट मरताना परस्परांस क्षमा करतात तेव्हा. पोलोनियसचा मृत्यू हॅम्लेटच्या माथी नाही आणि हॅम्लेटचा लेअर्टिसच्या माथी नाही, हे दोघेही मान्य करतात. राजाच्या वधाने हिशेब मिटला नव्हता. तो या क्षमेने मिटला. मात्र तोवर फार उशीर झाला होता.

शेवटी रंगभूमीवर चार प्रेते पडलेली असताना फोर्टिन्ब्रास प्रवेश करतो. त्याचाही पिता मारला गेला होता, तोही हॅम्लेटच्या पित्याच्या हातून. तोही आरंभी सैन्य जमवून सूडास निघाला होता. पण चुलत्याने आवरताच डेन्मार्कवर शस्त्र न उचलण्याचे वचन त्याने दिले. तो संत नव्हे. पोलंडातील क्षुल्लक भूमीसाठी हजारो सैनिकांना तो मृत्यूच्या दारी नेतो. तथापि पिता गमावलेल्या या तिघा पुत्रांपैकी पित्याचा सूड सोडून देणारा तोच एक, आणि जिवंत राहून सिंहासनावर बसतो तोही तोच.

महावग्गातील दीघावु राजकुमाराची कथा आपल्या वाचकांस परिचित आहे. पित्यास मारणारा ब्रह्मदत्त राजा मांडीवर डोके ठेवून निजला असता दीघावुने तीन वेळा तलवार उपसली आणि तीन वेळा म्यान केली, कारण पित्याचा अखेरचा उपदेश त्यास आठवला. दोन्ही पुत्र आज्ञाधारक होते. भेद आहे तो पित्यांनी मागे ठेवलेल्या शब्दांत. एका पित्याने सूडाची आज्ञा ठेवली, दुसऱ्याने वैर थांबविण्याची. आपण पुढील पिढीच्या हाती कोणता शब्द देतो, हा प्रश्न ‘हॅम्लेट’चा पाचवा अंक आपल्यापुढे ठेवतो.