बुटांवर नाव कुणाचे?

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या धाकटीला घेऊन मी बुटांच्या दुकानात गेलो. ती शाळेत २०० मीटर धावते. काचेवर एका नामवंत खेळाडूचे भलेमोठे चित्र होते. त्याखालच्या बुटांची किंमत वाचून माझा चेहरा उतरला, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, कंपनी यांनाच कशी निवडते? मला का नाही बूट देत?"

प्रश्न साधा, उत्तर देताना माझी त्रेधा उडाली. नुसते जिंकणे पुरत नाही, वाचकहो! मुलीला स्थळ पाहताना आपण चौकशी करतो ना, तशीच इथेही होते. वय काय, बोलणे कसे, नावाला बट्टा नाही ना? आणि मुख्य म्हणजे, या खेळाडूला पाहून गिऱ्हाइकाला 'हा आपल्यातलाच' असे वाटेल ना?

हिमा दासचेच घ्या. आसामातल्या शेतकऱ्याची ही मुलगी. तिने आपल्या साध्या बुटांवर स्वतःच्या हाताने 'आदिदास' असे लिहिले होते. जुलै २०१८ मध्ये फिनलंडमधल्या टाम्पेरे येथे, २० वर्षांखालील जागतिक स्पर्धेत तिने ४०० मीटरचे सुवर्णपदक जिंकले. त्याच वर्षी त्या कंपनीने तिच्याशी करार केला आणि बुटांवर तिचे नाव आले. गरज होती तेव्हा पेन कामी आले. कंपनी आली ती पदकानंतर.

बरे, निवड झाली म्हणजे गंगेत घोडे न्हाले असेही नाही. अमेरिकेच्या ॲलिसन फेलिक्सपाशी ऑलिंपिकची ६ सुवर्णपदके होती. नवा करार करताना नायकी तिला पूर्वीपेक्षा ७० टक्के कमी पैसे देऊ लागली. बाळंतपणाच्या काळात धाव मंदावली तर दंड नको, एवढे तिने मागितले. तेही लेखी मिळेना. मे २०१९ मध्ये तिने हे वर्तमानपत्रात जाहीर लिहिले. त्याच ऑगस्टमध्ये कंपनीला नियम बदलावे लागले. पुढे फेलिक्सने स्वतःचीच बुटांची कंपनी काढली आणि २०२१ साली टोकियोत तेच बूट घालून आणखी दोन पदके मिळवली.

हे सारे मी घरी येताना धाकटीला सांगितले. आम्ही साधेच बूट घेतले होते. रात्री पाहतो तो बाईसाहेब पेन घेऊन बुटांवर काहीतरी लिहीत बसलेल्या. मी वाकून पाहिले.

कंपनीचे नव्हे, तिने स्वतःचे नाव लिहिले होते.