टेकडी, बाग आणि निर्धन रुग्ण निधी

आपल्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालाची रचना हितचिंतकांच्या चांगल्या परिचयाची आहे. प्रथम आंतररुग्ण व बाह्यरुग्णांची संख्या, मग शस्त्रक्रिया, डायलिसिस, देणग्या आणि अखेरीस लेखापरीक्षकांचा अहवाल. ह्या सर्व पानांवर आजार झाल्यानंतरचा हिशेब असतो. आजार होऊ नये म्हणून शहरात जे काही अगोदरपासूनच उपलब्ध आहे, त्यासाठी ताळेबंदात रकाना नाही. पुण्याच्या टेकड्या, त्यांवरील पायवाटा आणि जागोजागच्या सार्वजनिक बागा ही अशीच नोंदीविना राहिलेली मालमत्ता होय. लठ्ठपणा रोखण्याच्या कामी तिचा उपयोग कसा होतो आणि कोठे होत नाही, हे सांगण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रिया व २२.९ टक्के पुरुष अतिवजन किंवा लठ्ठ आढळले. त्याआधीच्या फेरीत (२०१५-१६) हे प्रमाण अनुक्रमे २०.६ व १८.९ टक्के होते. परंतु वजनकाट्यावर दिसणारा लठ्ठपणा हा प्रश्नाचा केवळ एक भाग आहे. पुण्यातील के.ई.एम. रुग्णालयाचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘द लॅन्सेट’ ह्या नियतकालिकात स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या प्रमाणात वजन मोजणारा देहभार निर्देशांक दोघांचाही २२.३ होता; मात्र शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. बारीक दिसणाऱ्या भारतीय देहातही पोटाभोवती चरबी साठते, ती अशी. म्हणूनच आपल्याकडे देहभार निर्देशांक २३ च्या पुढे गेला की अतिवजन आणि २५ पासून लठ्ठपणा मानतात. कंबरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावा, असा दंडक आहे. घरातील शिंप्याची टेप त्यासाठी पुरेशी आहे.

ह्या विषयाशी धर्मादाय रुग्णालयाच्या कार्यालयाचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध थेट पैशाचा आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेली योजना २००६ पासून लागू झाली. तीनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखावयाच्या असतात, आणि एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. हा निधी अमर्याद नाही. अपघातात सापडलेला मजूर, जळालेली स्त्री, मुदतीपूर्वी जन्मलेले अर्भक यांच्यावरील खर्च कोणाच्याही हाती नसतो. परंतु मधुमेहाने निकामी झालेले मूत्रपिंड, चिघळलेले पाऊल, झिजलेला गुडघा अशा रुग्णांच्या कागदपत्रांवर पंधरा-वीस वर्षांचा इतिहास लिहिलेला असतो, आणि त्याच्या सुरुवातीला पुष्कळदा वाढलेले पोट असते. ही देयके मंजूर करताना वाणिज्य शाखेच्या माणसाला एकच विचार सुचतो. खर्च येथे पडला, पण तो वाचविण्याची वेळ फार पूर्वी येऊन गेली.

ती वेळ कशी साधता येते, ते साध्या गणिताने समजते. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी ऊर्जा साठलेली असते. वर्षाला एक किलो वजन वाढणाऱ्या माणसाच्या खात्यात, म्हणजे, रोज अवघ्या २१ किलोकॅलरी शिलकीत पडतात. चहाच्या कपातील चमचाभर साखरेइतकीच ही रक्कम. पण वीस वर्षांत तीच वीस किलो होते. (शरीर हे काही खतावणीचे पुस्तक नव्हे, त्याचे हिशेब याहून गुंतागुंतीचे असतात, तरीही अंदाज येण्यास एवढे पुरे.) सत्तर किलो वजनाची व्यक्ती अर्धा तास झपझप चालली तर सुमारे १२० ते १४० किलोकॅलरी खर्च होतात. वडापाव एकच खाल्ला तरी हा आकडा मागे पडतो. त्यामुळे केवळ चालून साठलेली चरबी झटपट उतरेल अशी आशा धरू नये. मात्र दरवर्षी जमा होणारा तो एक किलो रोखण्यास एवढे चालणे उपयोगी पडते. शिवाय चालताना पायांचे मोठे स्नायू रक्तातील साखर थेट वापरतात, आणि हा लाभ वजन तसूभर न घटलेल्यासही मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालल्यास त्याची किमान मर्यादा पूर्ण होते.

चालावयाचे कोठे, हा खरा प्रश्न. रस्त्यावर पदपथ असेल तर त्यावर दुचाकी उभी असते. पुणेकरांचे भाग्य असे की शहराच्या मध्यभागी टेकड्या आहेत. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये मंदिर उभारलेल्या पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीची वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजईचे वन येथे पहाटे अंधार असतानाच माणसे दिसू लागतात. चढावर तेवढ्याच वेळात सपाटीपेक्षा अधिक श्रम होतात, आणि मातीच्या वाटेवर सांध्यांना डांबरापेक्षा कमी हादरे बसतात. येथे वर्गणी नाही की प्रवेशशुल्क नाही. व्यायामशाळेची वर्षाची फी भरून तिसऱ्या महिन्यात जाणे सोडणारे आपल्या सर्वांच्या परिचयाचे असतात. टेकडीवर मात्र रोजच्या मंडळींचा कंपू जमतो, आणि एक दिवस खाडा झाला तर दुसऱ्या दिवशी चौकशी होते. माझ्या मते ह्या चौकशीचे मोल मोठे आहे.

अशा वाटांवरील खर्च वसूल होतो का, ह्याचा हिशेब अमेरिकेत मांडला गेला आहे. नेब्रास्का राज्यातील लिंकन शहराच्या सार्वजनिक पायवाटांचा २००५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, त्यांच्या वापरापोटी पडलेल्या प्रत्येक १ डॉलर खर्चामागे वैद्यकीय खर्चात २.९४ डॉलरची बचत झाली. बांधणी, देखभाल, तसेच चालणाऱ्यांचा स्वतःचा खर्चही त्यात धरला होता. तेथील आकडा येथे जसाच्या तसा लावणे योग्य नव्हे, कारण तेथील उपचारांचे दर वेगळे आहेत. हिशेबाची रीत मात्र घेण्यासारखी आहे. तिचे एक गृहीत लक्षात ठेवावे: बचत त्यांचीच होते, जे वाटेवर येतात.

आणि येथेच आपले घोडे अडते. सकाळी बागेत भेटणारी मंडळी बहुधा निवृत्त किंवा सुस्थितीतील असतात. अनेक सार्वजनिक बागा सकाळी काही तास आणि सायंकाळी काही तास उघड्या असतात व दुपारी त्यांचे फाटक बंद असते. नोकरदार पुरुषाला ही वेळ सोयीची आहे. परंतु रुग्णालयातील परिचारिका व मावशी यांची सकाळपाळी दुपारी सुटते. घरोघर धुणीभांडी करणाऱ्या स्त्रियांनाही श्वास घ्यायला सवड मिळते ती दुपारीच. सकाळ-संध्याकाळ त्यांच्या दोन्ही चुली पेटलेल्या असतात. कार्तिक ते माघ ह्या काळात पुण्याची दुपार चालण्यास मुळीच वाईट नसते. सायंकाळी सवड मिळालीच तर दिवा बंद असलेली वाट त्यांना परत फिरविते. स्वच्छतागृहाला कुलूप असेल तर मधुमेही स्त्री तासभर बाहेर राहू शकत नाही, ही गोष्ट पुरुषांच्या सहसा ध्यानी येत नाही. व्यायामाची रंगीत साधने बसविण्याच्या खर्चातून आधी हे कुलूप उघडावे, असे मला वाटते. निर्धन रुग्ण निधीवर ज्यांचा भार उद्या पडणार आहे, त्यांच्यासाठी बागेचे फाटक आज उघडे असणे हा आपल्या दृष्टीने कळीचा मुद्दा आहे.

टेकड्यांचा प्रश्न याहून बिकट आहे. १९९७ मध्ये पुणे महापालिकेत समाविष्ट झालेल्या २३ गावांतील सुमारे ९७८ हेक्टर टेकडीक्षेत्र जैववैविध्य उद्यानासाठी राखीव ठेवण्यास राज्य शासनाने २०१५ साली मान्यता दिली. आरक्षण कागदावर आले तरी जमीन ताब्यात येईपर्यंत अतिक्रमण थांबत नाही. वेताळ टेकडीच्या बाजूने नियोजित असलेल्या बालभारती ते पौड फाटा रस्त्याच्या विरोधात नागरिकांनी एप्रिल २०२३ मध्ये पदयात्रा काढली. वाहतूक कोंडीचा त्रास खरा आहे आणि रुग्णवाहिका अडकते तेव्हा तो आम्हासही जाणवतो. तथापि रस्त्याला पर्याय शोधता येतो. फोडलेली टेकडी पुन्हा उभी करता येत नाही.

चालावयास निघण्यापूर्वी काही सूचना. गुडघेदुखी असलेल्यांनी पर्वतीपासून आरंभ करू नये; बागेतील सपाट वाटेवर दहा मिनिटे चालावे व दर आठवड्याला थोडी वाढ करावी. छातीत दुखणे अथवा थोड्या श्रमाने धाप लागणे असा त्रास असल्यास प्रथम तपासणी करून घ्यावी. मधुमेहींनी टेकडीवर अनवाणी चालू नये, बंद बूट व मोजे वापरावेत आणि घरी आल्यावर तळपाय आरशात पाहावेत. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात खडीसाखर ठेवावी. बाह्यरुग्ण विभागातील आहारतज्ज्ञांना अशी विनंती करण्यात आली आहे की, केसपेपरवर ‘व्यायाम करावा’ एवढेच न लिहिता रुग्णाच्या घराजवळील बागेचे नाव, तिची उघडण्याची वेळ आणि तेथे स्वच्छतागृह आहे किंवा नाही, हे रुग्णाला विचारून त्याच ओळीत नोंदवावे. वर्षभराच्या ह्या नोंदींवरून बंद फाटकांची व कुलूपबंद स्वच्छतागृहांची यादी तयार होईल, आणि विश्वस्त मंडळाच्या संमतीने ती महापालिकेच्या उद्यान विभागाकडे पाठविण्यात येईल.