आजीचे माहेर

न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापाशी जिची कविता १९०३ साली लावली गेली, ती यहुदी कवयित्री एमा लाझारस (१८४९–१८८७). आडनाव धरून मागे गेलो तर आपण तिच्या वडिलांच्या, साखरेचे कारखानदार मोझेस लाझारस यांच्या घराण्यात पोहोचतो. कवितेचा वारसा मात्र आईकडे सापडतो.

आई एस्तेर, माहेरची नेथन. एस्तेरच्या वडिलांची आई ग्रेस, माहेरची सेशास. तीही कविता करीत असे. ग्रेसचे वडील आयझॅक लिस्बनहून अमेरिकेत आलेले. सेशासची नेथन झाली, नेथनची लाझारस, आणि प्रत्येक लग्नात एक आडनाव लुप्त झाले. ग्रेसने मुलाचे नावच सेशास ठेवले होते, ही मात्र शोधणाऱ्याला मोठी खूण.

अशा खुणा का लागतात? १८५० पूर्वीच्या अमेरिकन शिरगणतीत फक्त घरच्या प्रमुखाचे नाव लिहीत. बाकीच्यांचे नुसते आकडे. म्हणून बायकांचा माग लग्नाच्या नोंदी, मृत्युपत्रे आणि कबरींवरचे लेख यांतून काढावा लागतो.

आम्हा बेने इस्राएलांचेही तेच. पेणकरांची लेक नागावकरांची सून झाली की तिचे गाव कागदावरून पुसले जाते. केतुब्यात वधूच्या वडिलांचे नाव येते, आईचे येत नाही. तेव्हा आपण आपल्या आजीचे नाव, माहेर आणि गाव आजच लिहून ठेवू या; मराठीत, आणि नातवंडांना वाचता यावे म्हणून हिब्रूतही.