दाखला आधी की काम आधी?

पुष्कळ तरुण मला विचारतात, ‘सर, पीएमपीची परीक्षा दिली की नोकरी लागते ना?’

आधी प्रकल्प म्हणजे काय ते पाहू. शाळा रोज भरते, तो प्रकल्प नव्हे. शाळेची नवी खोली बांधणे हा प्रकल्प. त्याला आरंभ आहे, शेवट आहे आणि पैसा मोजका आहे. अशी कामे तडीस नेणाऱ्यांची प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट अमेरिकेत १९६९ साली निघाली. १९८४ पासून ती पीएमपीची परीक्षा घेते.

पण तेथे नुसते पाठांतर चालत नाही. ३५ तासांचे शिक्षण तर हवेच. शिवाय पदवीधराला प्रकल्प चालविल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव दाखवावा लागतो, शालान्त शिकलेल्याला ६० महिन्यांचा. नवशिक्यासाठी त्याच संस्थेची सीएपीएम परीक्षा आहे. तिला अनुभव लागत नाही, २३ तासांचे शिक्षण पुरते.

तेव्हा गुरुजी, तुमचा विद्यार्थी कर्ज काढून क्लासची फी भरायला निघाला, तर त्याला एवढेच विचारा, ‘बाबा रे, आजवर कोणते काम अंगावर घेऊन पुरे केलेस?’ दाखला हा केलेल्या कामाचा साक्षीदार. कामच नसेल, तर तो साक्ष कशाची देणार?