‘लोकसहभाग’ या शब्दाभोवतीचे गैरसमज : मांडवा प्रकल्पाची साक्ष

सार्वजनिक आरोग्याच्या चर्चेत ‘लोकसहभाग’ हा शब्द आज इतक्या सहजतेने वापरला जातो की त्याचा नेमका अर्थ तपासण्याची गरज क्वचितच कोणाला वाटते. तो तपासायचा झाल्यास मुंबई बंदराच्या पलीकडे, अलिबाग तालुक्यातील मांडवा परिसरात १९७०च्या दशकात झालेल्या एका प्रयोगाकडे वळावे लागते. कुष्ठरोग्यांच्या हातापायांवरील पुनर्रचनात्मक शस्त्रक्रियांसाठी ख्यातनाम असलेले मुंबईतील प्लास्टिक सर्जन डॉ. नोशीर अंटिया यांनी त्या दशकाच्या पूर्वार्धात येथे हे काम आरंभले आणि १९७५ मध्ये स्थापन झालेल्या ‘फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ’ या संस्थेमार्फत ते पुढे चालले. सुमारे ३० गावे आणि सुमारे ३०,००० लोकवस्ती एवढे त्याचे क्षेत्र होते, आणि गावातीलच स्त्रियांना अर्धवेळ आरोग्यसेविका म्हणून प्रशिक्षित करणे ही त्याची मध्यवर्ती कल्पना होती. ज्या अल्मा-आटा परिषदेने ‘प्राथमिक आरोग्यसेवा’ ही संकल्पना जगापुढे मांडली ती सप्टेंबर १९७८ मध्ये, म्हणजे मांडव्याचे काम सुरू झाल्यानंतर काही वर्षांनी भरली. लोकसहभागाची कल्पना परदेशातून आली, हा समज या एका कालक्रमानेच दूर व्हावा.

याहून खोलवर रुजलेला समज असा की, रोग ओळखणे आणि औषध देणे हे केवळ पदवीधर डॉक्टरचे काम असून अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रीच्या हाती ते सोपवणे धोक्याचे आहे. वस्तुस्थिती अशी की, ग्रामीण भागातील आजारपण आणि मृत्यू यांचा मोठा वाटा मोजक्याच कारणांतून उद्भवतो : अतिसार, श्वसनमार्गाचे संसर्ग, क्षय, बाळंतपणातील गुंतागुंत, कुपोषण, आणि यांपैकी बहुतेकांवरील उपाय ठरावीक पायऱ्यांत बसवता येण्याजोगे आहेत. अतिसारात मूल दगावते ते मुख्यतः शरीरातील पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे, आणि ही झीज साखर-मिठाचे योग्य प्रमाणातील द्रावण पाजून भरून काढता येते. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ असताना डॉ. दिलीप महालनबीस यांनी शिरेतून द्यावयाचे सलाइन अपुरे पडल्यावर हेच द्रावण रुग्णांच्या नातेवाइकांकरवी पाजले आणि मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आले. क्षयरोगाबाबत १९५६ मध्ये मद्रास येथे सुरू झालेल्या अभ्यासाने आणखी मूलगामी गोष्ट दाखवली : घरी राहून औषध घेणारे रुग्ण आरोग्यधामात ठेवलेल्या रुग्णांइतकेच बरे होतात आणि त्यांच्या घरच्यांना लागण होण्याचा धोकाही त्यामुळे वाढत नाही. मग उरतो तो प्रश्न महिनोन्‌महिने औषध न चुकता पोचवण्याचा, आणि रोज पाणवठ्यावर भेटणारी शेजारीण ते काम जितक्या खात्रीने करू शकते तितक्या खात्रीने तालुक्याच्या गावी बसलेला डॉक्टर करू शकत नाही. मांडव्यातील आरोग्यसेविकांनी क्षय आणि कुष्ठरोगाचे रुग्ण हुडकण्यात व त्यांचे उपचार चालू ठेवण्यात, तसेच माता-बालसंगोपन आणि कुटुंबनियोजनाच्या कामात आपली क्षमता सिद्ध केली. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांकरवी घरीच नवजात बालकांची काळजी घेण्याची जी पद्धत उभी केली, तिने ३९ गावांतील नवजात मृत्युदर दर हजार जन्मांमागे ६२ वरून सुमारे २५ वर आणल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा क्षमतेविषयीचा वाद शास्त्रीय पातळीवर तरी मिटायला हवा होता.

याचा अर्थ डॉक्टर आणि रुग्णालये अनावश्यक ठरतात असा मात्र नाही, आणि लोकसहभागाचे काही उत्साही पुरस्कर्ते याच ठिकाणी घसरतात. अडलेले बाळंतपण, विषारी सर्पदंश किंवा अपघातातील रक्तस्राव यांवर गावात उपाय नसतो. तेथे आरोग्यसेविकेचे कौशल्य धोका वेळेत ओळखून रुग्णाला वरच्या केंद्राकडे पाठवण्यात असते, आणि जिला ‘संदर्भसेवा’ म्हणतात ती साखळी पुढे तुटलेली असेल तर गावातील सेविका कितीही कुशल असली तरी जीव वाचत नाही. मांडव्याच्या किनाऱ्यावरून मुंबई समोर दिसते, परंतु पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँचची वाहतूक बंद होते. अशा गावात पहिला उपचार जवळ असणे आणि पुढची वाट खुली असणे या दोन्ही गोष्टी सारख्याच आवश्यक ठरतात.

मांडव्याने सर्वाधिक स्पष्टपणे खोडून काढलेला समज मात्र वैद्यकीय नाही, सामाजिक आहे. ‘गाव’ म्हणजे एकमुखी घटक असून सरपंच आणि चार प्रतिष्ठितांची संमती मिळाली, सभा भरली, श्रमदान झाले, की लोकसहभाग साधला, असे नियोजनकर्ते सर्रास गृहीत धरतात. प्रत्यक्षात कोकणातील कोणतेही गाव आळ्या, वाड्या आणि पाडे यांत विभागलेले असते. कोळीवाड्याची गरज, आगरी शेतकऱ्याची गरज आणि गावाबाहेरच्या कातकरी वाडीची गरज एक नसते, आणि ज्या वस्तीचा आवाज सर्वांत क्षीण तिचे आजारपण बहुधा सर्वांत मोठे असते. मांडव्यात ज्या पुढाऱ्यांच्या पाठिंब्यावर भिस्त ठेवली गेली त्यांच्याकडून अपेक्षित सहभाग लाभला नाही. सहभागी झाल्या त्या सामान्य घरांतील स्त्रिया. त्यांच्या हाती ज्ञान आले, लोक त्यांचा सल्ला मानू लागले, तसा प्रस्थापित सत्तेचा आणि आरोग्ययंत्रणेतील काहींचा विरोध वाढत गेला आणि सुमारे दशकभर चाललेले काम १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात थांबले. डॉ. अंटिया यांनी हा इतिहास झाकून न ठेवता १९८८ मध्ये एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात स्वतःच विस्ताराने मांडला, ही त्यांच्या वैज्ञानिक प्रामाणिकपणाची मोठी खूण मानली पाहिजे.

‘प्रकल्प बंद पडला म्हणजे तो फसला’ हा निष्कर्ष म्हणूनच चुकीचा ठरतो. आरोग्यसेविका कामात कमी पडल्या म्हणून मांडव्याचे काम थांबले नाही. त्या यशस्वी झाल्या आणि त्या यशाने गावातील सत्तेचा तोल हलवला म्हणून ते थांबले. लोकसहभाग म्हणजे सरकारी कार्यक्रमाला लोकांनी दिलेली साथ नव्हे, तर माहिती, निर्णय आणि पैसा यांवरील अधिकाराचे हस्तांतर होय. आणि असे हस्तांतर विरोधावाचून घडेल अशी अपेक्षा बाळगणे हाच कदाचित सर्वांत मोठा गैरसमज आहे.

हे न ओळखता योजना आखली की काय होते, ते २ ऑक्टोबर १९७७ रोजी सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या आरोग्यरक्षक योजनेत दिसले. दर हजार लोकसंख्येमागे एक सेवक आणि महिना ५० रुपये मानधन अशी तिची रचना होती. परंतु निवड बहुतांशी गावच्या पुढाऱ्यांच्या मर्जीने होऊन निवडलेल्यांत पुरुषच अधिक भरले, ज्यांच्यापाशी बाळंतीण किंवा तरुण मुलगी आपले दुखणे मोकळेपणाने सांगू शकत नव्हती. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर आलेल्या ‘आशा’ कार्यकर्तीच्या रचनेत ती गावातीलच स्त्री असावी ही अट घातली गेली, आणि तिच्या जोडीला गावपातळीवर आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आणि ‘अबंधित निधी’, म्हणजे स्थानिक गरजेनुसार खर्च करता येणारी रक्कम, यांची तरतूद झाली. तरीही आशा ही पगारी कर्मचारी नसून स्वयंसेविका आहे, या शासकीय व्याख्येने तिच्या श्रमाचे मोल कमी लेखले जाते. सहभाग म्हणजे फुकट किंवा स्वस्त मनुष्यबळ, या गैरसमजाला त्यातून सरकारी मान्यताच मिळते आणि त्याची किंमत त्या स्त्रीला मोजावी लागते.

याउलट अधिकार लोकांकडे सरकवण्याचा प्रयत्नही झाला : महाराष्ट्रात २००७ मध्ये पाच जिल्ह्यांत सुरू झालेल्या लोकाधारित देखरेख प्रक्रियेत गावकऱ्यांनी आपल्या आरोग्य केंद्राचे प्रगतिपत्रक स्वतः भरले आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांना भर सभेत उत्तरे द्यावी लागली. मांडव्याला जे औपचारिक पाठबळ कधी मिळाले नव्हते, त्याची ही सुरुवात होती. ज्या वाचकांच्या गावात वर उल्लेखलेली आरोग्य समिती कागदोपत्री अस्तित्वात आहे त्यांनी पुढच्या ग्रामसभेत तिच्या सदस्यांची नावे, मागील वर्षीच्या निधीचा हिशेब आणि समितीत कातकरी वाडीतील किंवा तत्सम वस्तीतील किती स्त्रिया आहेत हे तीन प्रश्न विचारावेत. ते विचारण्याचा अधिकार प्रत्येक मतदाराला आहे.